गोधडीसाठी रिंग घ्यावी की चौकट? आधी गोधडीची जाडी पाहा

मराठवाड्यात गोधडी शिवायला कापड ताणून धरणारी रिंगही (एकात एक बसणारी दोन कडी) लागत नाही आणि चौकटही लागत नाही. शहाबादी फरशीवर जुनी लुगडी, धोतरं अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या, लांब कच्च्या टाक्यांनी थर टाचून घ्यायचे आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं. वाकळ शिवण्याची ही पद्धत स्वतःत पूर्ण आहे. तिच्यात काही कमी आहे म्हणून रिंग आणा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण आता गोधड्यांचे प्रकार बदलले आहेत. कुणी दोन सुती कापडांच्या मध्ये पातळ भर घालून बाळासाठी दुपट्याएवढी गोधडी शिवते, कुणाला वरच्या कापडावर नक्षीचे बारीक टाके हवे असतात, कुणाला गुडघ्यांमुळे जमिनीवर ओणवं बसणं जमत नाही. मग कटलरीच्या दुकानात जाऊन भरतकामाची रिंग आणली जाते, ती गोधडीवर बसत नाही आणि माळ्यावर जाऊन पडते. तसं होऊ नये म्हणून हा लेख. रिंग किंवा चौकट निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती गोधडीची जाडी. आकार, लाकूड, किंमत सगळं त्यानंतर.

आधी ठरवा: गोधडीचा पोत कसा हवा?

मोकळ्या कापडावर धावदोरा घातला की प्रत्येक टाका ओढताना कापड किंचित गोळा होतं. ओळीमागून ओळ असं गोळा होत गेल्याने वाकळेवर त्या बारीक लाटा उठतात, हाताला मऊ लागतात आणि धुतल्यावर अजून उठून दिसतात. चौकटीत कापड ताणलेलं राहतं, त्यामुळे टाका पडतो पण कापड गोळा होत नाही. दोन ओळींमधला भाग फुगून राहतो, टाक्यांची रेघ सरळ दिसते, नक्षी स्पष्ट उमटते. दोन्ही पोत सुंदर आहेत, पण ते वेगळे आहेत. तुम्हाला आजीच्या वाकळेसारखीच वाकळ हवी असेल तर रिंग घेऊ नका. चौकटीत शिवलेली गोधडी तशी कधीच दिसणार नाही.

शिवण्याचा क्रमही बदलतो. जमिनीवर काठाकडून मध्याकडे गेलं तरी चालतं, कारण कापडातली ढिलाई दर टाक्यात थोडी थोडी चुण्यांत जिरत जाते. रिंगमध्ये ती जिरत नाही, पुढे पुढे सरकत जाते. काठापासून सुरुवात केली तर सगळी ढिलाई मध्यावर येऊन अडकते आणि तिथे कापडाची घडी शिवली जाते. म्हणून रिंग वापरायची तर मधून सुरुवात करायची आणि चारी बाजूंनी बाहेर जायचं. ज्यांचा हात लहानपणापासून काठाकडून बसला आहे त्यांना हे जड जातं. पहिल्या वेळी लहान गोधडीच घ्या.

जाडीची आणि सुईची परीक्षा

गोधडीत जेवढे थर घालणार आहात तेवढेच थर घेऊन वीतभर चौकोनाचा एक नमुना तयार करा. जुनी नऊवारी वापरणार असाल तर नमुनाही तिचाच करा, कारण वापरून मऊ झालेलं कापड आणि नवा मांजरपाट यांच्या जाडीत खूप फरक असतो. नमुना चिमटीत घट्ट दाबून पट्टीने जाडी मोजा. मग सुई घ्या.

एक हात वर आणि दुसरा खाली ठेवून सुई उभी टोचा. खालच्या बोटाला टोक लागलं की वरच्या हाताने अंगुस्तानाच्या आधारे सुई आडवी करा, परत उभी करा, आणि असं डोलवत तीन-चार टाके एकदम सुईवर घेता येतात का बघा. येत असतील तर तुमची गोधडी रिंगवर होईल. एकेक टाका वरून खाली आणि खालून वर असा भोसकूनच काढावा लागत असेल, तर दोन्ही हात मोकळे लागतील. मांडीवरची रिंग धरायला तिसरा हात नाही, तेव्हा स्टँड किंवा मोठी चौकटच हवी. आणि सुई भोसकूनही जोर लावून ओढावी लागत असेल, तर ती जमिनीवरची वाकळ आहे. दगड ठेवा आणि जाड सुईने शिवा.

दाबलेली जाडी तीन मिलीमीटरच्या आत असेल तर रिंग सुखाने बसते, असा माझा ठोकताळा आहे. दोन सुती थर आणि मध्ये पातळ सुती भर, किंवा मऊ साडीचे तीन-चार पदर, इतकं त्यात मावतं. त्यापुढे रिंगचा स्क्रू शेवटपर्यंत सोडूनही बाहेरचं कडं वर चढत नाही, आणि जबरदस्तीने चढवलं तर जोडापाशी लाकूड चिरतं.

सुईबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. रिंगवर डोलवून टाके घेण्यासाठी आखूड सुई लागते. तिला बिटवीन म्हणतात, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड. हाताला सवय नसेल तर सात किंवा आठ नंबरपासून सुरू करा.

रिंग घेताना

भरतकामाची रिंग आणि गोधडीची रिंग दिसायला सारखी असली तरी काम वेगळं करतात. भरतकामाची रिंग पातळ असते, तिची कड बोटाच्या पेरापेक्षाही कमी रुंद असते, आणि ती एका थराला ताणून धरण्यासाठी केलेली असते. गोधडीच्या रिंगची कड साधारण एक इंच उंच असते, लाकूड जाड असतं आणि स्क्रू लांब असतो. थर जाड असले तरी ती उंच कड त्यांना घट्ट पकडते. गावातल्या दुकानात बहुतेक वेळा भरतकामाचीच रिंग मिळते. लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीत खरेदीला जाणं होणार असेल तर शिवून ठेवलेला तो नमुना पिशवीत टाका आणि दुकानातच रिंगवर चढवून बघा. ऑनलाइन मागवणार असाल तर फोटोवर जाऊ नका, कडेची उंची आणि स्क्रूची लांबी लिहिलेली आहे का ते वाचा.

आकारात चौदा इंची गोल रिंग बहुतेकींसाठी योग्य. रिंगच्या कडेपासून मध्यापर्यंत हात पोचायला हवा, आणि खालचा हात कापडाखालून तिथे जायला हवा. अठरा इंचांच्या पुढे मांडीवर धरलेल्या रिंगमध्ये मध्यावर पोचताना खांदा उचलला जातो, आणि तासाभरात मानेला रग लागते. बाळाच्या गोधडीला किंवा उशीच्या अभ्र्याला बारा इंचीही चालते. लंबगोल रिंग लांब पट्टीच्या नक्षीला सोयीची असते, पण तिच्यात लांब बाजूंच्या मध्यावर पकड ढिली पडते, म्हणून पहिली रिंग म्हणून ती घेऊ नये.

हातात रिंग आली की या गोष्टी तपासा. सपाट काउंटरवर ठेवल्यावर ती डुगडुगते का? आतलं आणि बाहेरचं कडं एकमेकांत बसवून उजेडासमोर धरल्यावर कुठे फट दिसते का? जिथे फट तिथे कापड घसरणार. मग शिफॉनच्या किंवा नायलॉनच्या साडीचा पदर लाकडावरून फिरवा. एखादा धागा अडकला तर तिथे कूस आहे, आणि ती तुमच्या गोधडीलाही अडकेल. बारीक पॉलिश पेपरने ती घासून निघते, पण जोडाचा खिळा वर आलेला असेल तर रिंग परत ठेवा.

घरी आणल्यावर लगेच वापरू नका. आतल्या कड्याला अर्धा इंच रुंद सुती पट्टी तिरकी गुंडाळून घ्या. परकराची जुनी, धुतलेली सुती नाडीही चालते, रंगीत नको. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा आणि शेवट आतल्या बाजूला टाक्याने पक्का करायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्याने पकड वाढते, लाकडाचा डाग कापडावर उमटत नाही आणि कडेचे वळ कमी पडतात. स्वस्त रिंग चांगली करण्याचा एवढा सोपा उपाय दुसरा नाही.

रिंग चढवताना आणि ताण देताना

रिंगमध्ये घालण्याआधी गोधडी पूर्ण टाचलेली हवी. चार ते पाच इंचांवर उभे-आडवे कच्चे टाके घाला. सेफ्टी पिनांवर भागवू नका, त्या नेमक्या कड्याखाली येतात. मग आतलं कडं सपाट जागी ठेवा, त्यावर गोधडीचा मध्य, त्यावर स्क्रू सैल केलेलं बाहेरचं कडं. कापड तिरकं ओढायचं नाही, ओढायचं तर उभ्या किंवा आडव्या धाग्यातच.

इथे भरतकाम करणाऱ्या हातांकडून नेहमी एक चूक होते: कापड डफासारखं ताणलं जातं. भरतकामाला ते योग्य, गोधडीला नाही. सुई डोलवण्यासाठी कापडात थोडा झोळ हवा. स्क्रू आवळण्याआधी तळव्याने मध्यावर हलकेच दाबा, कापड किंचित खाली जाऊ द्या, मग आवळा. खालून बोट लावल्यावर वर छोटी टेकडी उठली पाहिजे. बोट लावूनही कापड हलत नसेल तर ताण जास्त, टाके वरून नीट दिसतील पण मागच्या बाजूला निम्मे पोचलेले नसतील. कापड कड्याच्या खाली लोंबत असेल तर ताण कमी, मागे चुण्या शिवल्या जातील. पहिल्या चार ओळींनंतर गोधडी उलटी करून पाहा. मागची बाजू खरं सांगते.

काठाजवळ आलं की रिंगला पकडायला कापड उरत नाही. तेव्हा काठाला सहा इंच रुंद जुन्या कापडाची पट्टी कच्च्या टाक्याने जोडून घ्या. कड त्या पट्टीवर बसते आणि गोठ लावण्याआधी पट्टी उसवून टाकता येते. अर्धगोल रिंगाही याच कामासाठी असतात, पण मला पट्टी जास्त भरवशाची वाटते.

काम थांबवलं की रिंग काढा. रात्रभर ठेवलेल्या रिंगचा वळ सुती कापडावरून धुतल्याशिवाय जात नाही, आणि धूळ बसली तर वळाच्या जागी करडी रेघ राहते.

पाइपची चौकट

हात किंवा मनगट दुखत असेल आणि स्क्रू पिळणं त्रासाचं असेल, तर पीव्हीसी पाइपची चौकोनी चौकट पाहावी. चार पाइप, चार कोपरे, आणि कापडावरून दाबून बसवायचे चार चाप, एवढंच तिच्यात असतं. चाप किंचित फिरवला की ताण कमी-जास्त होतो. अकरा इंची किंवा सतरा इंची चौरस पुरेसा. चौकोन असल्यामुळे कोपऱ्यापर्यंत शिवता येतं, हा गोल रिंगवरचा तिचा फायदा.

नळाच्या कामाचा पाऊण इंची पाइप आणि एल्बो आणून ती घरीही होते. चापासाठी तोच पाइप बाजूपेक्षा दोन इंच आखूड कापायचा आणि लांबीतून अरुंद पट्टी कापून काढायची. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करणं टाळू नका, त्या धारदार असतात आणि जुन्या साडीचा काठ कापतात. चाप फारच घट्ट बसला तर गरम पाण्यात मिनिटभर धरून थोडा उघडता येतो. त्याच कारणाने ही चौकट मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही. चाप उघडे पडतात आणि पकड कायमची जाते.

मोठी चौकट: एकीपेक्षा जास्त जणी बसणार असतील तर

उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की जावा-नणंदा मिळून गोधड्यांना बसतात, तिथे रिंग कामाची नाही. बेचाळीस अंशांच्या दुपारी मांडीवर गोधडीचा ढीग घेऊन बसणंही सहन होत नाही. मोठ्या चौकटीत गोधडीचं वजन अंगावर येत नाही, वारा खालून खेळतो, आणि समोरासमोर चौघी बसू शकतात.

जरीकाम करणारे कारागीर ज्या अड्ड्यावर काम करतात तो हाच प्रकार: दोन लांब दांड्या, दोन आडव्या पट्ट्या, आणि जमिनीपासून थोडी उंच मांडणी. ब्लाउजच्या आरी वर्कसाठी मिळणारी चौकट त्याचीच लहान आवृत्ती. घरात आरी वर्कची चौकट असेल तर बाळाच्या गोधडीसाठी तीच वापरा, नवीन घेऊ नका. फक्त आरीसाठी देता तेवढा ताण देऊ नका.

मोठी चौकट सुताराकडून करून घेणं विकत घेण्यापेक्षा परवडतं. त्याला माप असं सांगा. पाच बाय सात फुटांची गोधडी असेल तर पाच फुटांची बाजू दांडीवर येते आणि सात फुटांची गुंडाळली जाते. दांडी सहा फुटांची, म्हणजे दोन्ही टोकांना सहा-सहा इंच जोडासाठी उरतात. जाडी दोन बाय दोन इंच, चारी कडा गोलसर घासलेल्या. आडव्या पट्ट्या साडेतीन फूट लांब आणि एक इंच जाड. कोपऱ्यांना खिळे नकोत, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे चार इंची सी क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे लोखंडी शिकंजे) लावायचे. दांडी चौकोनी असल्यामुळे क्लॅम्प सोडून ती पाव-पाव वेढ्याने फिरवता येते आणि परत आवळली की उलगडत नाही.

लाकूड वाळलेलं आणि सरळ धाग्याचं हवं. किनवटच्या बाजूचं सागवान कुणाकडे जुन्या दाराच्या चौकटीतून निघालेलं असेल तर त्याहून चांगलं काही नाही, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. दांडी दोन विटांवर टेकवून मध्यावर दोन्ही हातांनी दाबा. वाकली तर चौकटीच्या मध्यावर गोधडी कायम ढिली राहील. एक डोळा मिटून टोकाकडून नेम धरून पाहिलं की पीळ लगेच दिसतो. बांबू हलका आणि स्वस्त, पण त्यातून पिवळी भुकटी गळत असेल तर भुंगा लागलेला आहे, तो घरात आणू नका.

दोन दांड्यांमधलं कामाचं अंतर चोवीस ते तीस इंचांपेक्षा जास्त ठेवू नका. दोन्ही बाजूंनी बसलेल्यांचे हात मध्यावर मिळाले पाहिजेत. उंचीचं माप प्रत्येकीचं वेगळं असतं. जिथे बसणार तिथे मांडी घालून बसा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं कमी करा. तीन विटांची चळत बहुतेकींना जवळपास बरोबर बसते, कमी पडलं तर वर पाट. खुर्चीवर बसणाऱ्यांनी दोन टेबलांच्या कडांवर चौकट ठेवावी, गुडघे खाली मोकळे राहतील एवढं पाहावं.

जागेची अडचण सगळ्यांना असते. अमेरिकेत जुन्या काळी लहान घरांत अशी चौकट छताला दोरांनी टांगत आणि काम संपलं की वर ओढून ठेवत. माळवदाच्या घरात तुळईला आणि नव्या घरात स्लॅबला पाळण्यासाठी सोडलेल्या कड्यांना हे सहज जमतं. चारही दोर सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर चौकट कलते आणि टाके एका बाजूला ओढले जातात.

गोधडी चौकटीला लावताना

दोन्ही लांब दांड्यांना जाड मांजरपाटाची हातभर रुंद पट्टी छोट्या खिळ्यांनी कायमची ठोकून घ्या आणि तिच्या मध्यावर पेनाने खूण करा. गोधडीच्या काठाचा मध्य या खुणेवर आणा, तिथून दोन्ही टोकांकडे टाचण्या लावत जा आणि मोठ्या टाक्यांनी शिवून टाका. टोकाकडून सुरुवात केली तर एका बाजूला कापड उरतं आणि सगळी गोधडी तिरकी गुंडाळली जाते. साडीचा काठ किंवा चौकड्याची रेघ दांडीला समांतर आहे ना, हे दर वेढ्याला डोळ्याने पाहा. मग एक दांडी गुंडाळत आणा, क्लॅम्प आवळा. मोकळ्या दोन बाजूंना नाडी आडव्या पट्टीवरून नागमोडी फिरवून सेफ्टी पिनांनी काठाला अडकवा. अस्तर थोडं ताणलेलं आणि वरचं कापड त्याहून किंचित सैल असावं. तळव्याने दाबून झोळ इथेही तपासा.

चौकट फिरत नाही, हे ध्यानात ठेवून नक्षी निवडा. रिंग हवी तशी वळवता येते, त्यामुळे चौकोनात चौकोन किंवा गोल फिरणाऱ्या ओळी तिच्यावर सोप्या. चौकटीवर सरळ समांतर ओळी, तिरक्या जाळ्या छान होतात, पण वळणाच्या नक्षीत हात उलटा पडतो. आणि चौघी शिवणार असतील तर एक ओळ एकीनेच या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावी. टाक्याची लांबी प्रत्येकीच्या हाताची असते, मध्येच हात बदलला की ओळीत तो सांधा दिसतो.

ऋतूप्रमाणे काळजी

आपल्याकडे मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसतं आणि रिंग ढिली पडते. तेव्हा स्क्रू पिळत बसण्यापेक्षा आतल्या कड्यावरची पट्टी आणखी एक वेढा देऊन जाड करा. पावसाळ्यात उलट होतं, लाकूड फुगतं आणि कडी एकमेकांत अडकतात. ठोकून काढू नका, दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, आपोआप सुटतात. स्क्रूला गंज धरतो आणि त्याचा तांबूस डाग सुती कापडावरून निघत नाही. खोबरेल तेलाचं बोट स्क्रूच्या आट्यांवर फिरवा, मग कोरड्या फडक्याने इतकं पुसा की बोटाला तेल लागणार नाही. रिंगची दोन्ही कडी वेगळी करून सपाट ठेवा, खिळ्याला टांगलेली रिंग वर्षभरात लंबगोल होते. चौकटीच्या दांड्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या तर वाकतात, आडव्या ठेवाव्यात, जमिनीपासून वर, कारण मातीच्या भिंतींच्या घरात वाळवीला वाळलेलं लाकूड सापडायला वेळ लागत नाही. मांजरपाटाची पट्टी दर हंगामाला एकदा धुऊन घ्या. तिच्यातली धूळ आणि घाम प्रत्येक नव्या गोधडीच्या काठाला लागत असतो.